गेणभाऊंचे पेले

निरगुडसरात बास्केटबॉलचं खूळ आणलं सुभाष सरांनी, पण ते सगळ्यात जास्त चढलं गेणभाऊंना.

सर तळेघरकडचे, डोंगरातले. पीटीचे शिक्षक म्हणून गावच्या शाळेत आले आणि दोन वर्षांत त्यांनी मुलींचा संघ उभा केला. खांब जुन्या पाइपलाइनचे, रिंगा वेल्डिंगवाल्याकडून वाकवून घेतलेल्या, मैदान मुरूम टाकून पोरींनीच रोलरनं दाबलेलं. गाव आधी हसलं. पोरी उड्या मारतात आणि मास्तर शिट्टी वाजवतो, याला काय खेळ म्हणायचं? मग दोन हजार चार साली पोरी मंचरला एका मंडळाच्या स्पर्धेत उतरल्या, साखळीतले सगळे सामने जिंकल्या, आणि एका महिन्यात गावातल्या ज्याला त्याला बास्केटबॉल कळायला लागला. गेणभाऊंना जरा जास्तच कळायला लागला.

माणूस दिलदार, यात शंका नाही. साठी उलटलेली, बटाट्या-कांद्याची बागायत, शाळेला जागा यांच्याच चुलत्यानं दिलेली, त्यामुळे शाळा समितीत शब्दाला वजन. पण एक खोड होती. दुसरा माणूस काहीही करत असला की ते कसं करायला पाहिजे, हे गेणभाऊंना लगेच दिसायचं. विहीर खणणाऱ्याला ते विहीर शिकवत, आचाऱ्याला आमटी शिकवत. एकदा तर त्यांनी कीर्तनकाराला मध्येच थांबवून चाल सुधारून दिली होती. बुवा भला माणूस, हसला आणि पुढे गायला लागला.

तर त्या मार्गशीर्षात, सकाळी दूध घालून झाल्यावर, डेअरीसमोरच्या कट्ट्यावर किटल्या बाजूला सारून सभा भरली होती. आदल्या रविवारी पोरींनी बाद फेरीतला पहिला सामना जिंकला होता खरा, पण कसा, तर एका गुणानं. तोही समोरच्या संघाची पोर घसरून पडली म्हणून.

"साखळीत वाघिणी आन् बाद फेरीत शेळ्या," गेणभाऊंनी निकाल दिला. "ह्याला कारण काय? कोच."

"सारख्या पोरी बदलतो राव तो," कुशाबा म्हणाला. कुशाबाचं सगळं आयुष्य बैलगाड्यांच्या शर्यतींच्या घाटात गेलेलं, त्याला जगात जे दिसे ते बैलांवरून दिसे. "जोडी जुळली की मोडू नये. घाटात गाडा सुटल्यावर कुणी मधीच बैल बदलतं का?"

"पोरींना दम लागतो रे," भगवंत म्हणाला.

"बैलाला लागत न्हाई व्हय?"

"आन् ते झोन काय लावलंय?" गेणभाऊ पुढे सरकले. "झोन म्हंजी काय, तर जिनं तिनं आपली जागा राखायची. अरे, पोरी काय ज्वारी राखाया बसल्यात? मॅन टू मॅन लावायचं. एकीला एक धरायची, घराला कडी घातल्यासारखी."

"लई खरं हाय," भगवंत गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. भगवंत म्हणजे डेअरीचा चेअरमन आणि शाळा समितीचा अध्यक्ष. गेणभाऊंचा लंगोटीयार. त्याला जिंदगीत एकच नाद, गेणभाऊंना चिडवायचं आणि आपण हसायचं नाही. "तुमीच व्हा ना कोच. शिट्टी लावा गळ्यात. हाफ चड्डी मी शिवून देतो."

कट्टा खदखदून हसला. गेणभाऊंनी हसणाऱ्यांकडे लक्षच दिलं नाही.

"बरं, एक सांगा," भगवंत म्हणाला, "इतके पेले वाटलेत तुमी. एखादा घरी आला का न्हाई?"

हा टोला मात्र बरोबर दुखऱ्या जागी बसला.

पेल्यांचं असं झालं होतं. साखळी संपल्यावर गेणभाऊंना राहवलं नाही. आपल्या पोरी बाद फेरीत गेल्या, आता आपण काही करायला नको? कबड्डीत चढाईला बक्षीस लावतात, गाड्यांना लावतात, मग पोरींनीच काय पाप केलंय? त्यांनी मंचरच्या भांड्यांच्या दुकानातून स्टीलचे पेले उचलले, प्रत्येकावर मशीननं 'गेणभाऊंकडून सप्रेम' असं नाव घालून घेतलं आणि जाहीर केलं, जी पोरगी बास्केट करील तिला दर बास्केटला एक पेला. डझन भरले की वर स्टीलची कळशी. मंडळाचा निवेदक माइकवरून ओरडायचा, "निरगुडसरचे दानशूर क्रीडाप्रेमी गेणभाऊ यांच्याकडून नूतनला एक पेला!" आणि कर्ण्यातून आपलं नाव मैदानभर फिरताना ऐकलं की गेणभाऊंच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. लपवायचं कशाला, निम्मे पेले त्या माइकसाठीच होते.

पण ज्या घरातून पेले जात होते, त्या घरात एकही परत येत नव्हता. गेणभाऊंची नात समृद्धी, नववीतली, संघात होती. नुसती होती नव्हे, चेंडू पुढे आणायचं काम तिचंच. चेंडू आणायची, इकडेतिकडे बघायची आणि देऊन टाकायची. स्वतः कधी टाकायची नाही. बास्केट करायची ती सोनीबाईची नूतन. नूतन उंच, हाडापेरानं मजबूत, रिंगेखाली उभी राहिली की झाडाचे पेरू काढल्यासारखी बास्केट करायची.

"येतील, येतील," गेणभाऊ भगवंताला म्हणाले आणि किटली उचलली. उठता उठता मात्र त्यांचा तोल गेला. म्हणजे जिभेचा. "पन तुमाला सांगून ठेवतो. शनवारी सेमी फायनल हाय. हारलो, तर हा सर बदलायचा. समितीत मी ठराव मांडनार. माझा शब्द हाय."

"शब्द?" भगवंतानं विचारलं.

"शब्द!"

आता शब्द दिला म्हणजे दिला. ते बोलणं गेणभाऊंच्या आधी घरी पोचलं. डेअरीपासून त्यांचं घर पाच मिनिटांवर, पण बातमीला चपला घालायला लागत नाहीत.

दुपारी समृद्धी शाळेतून आली ती दप्तर न ठेवताच त्यांच्यासमोर उभी राहिली.

"आजोबा, सरांना काढनार तुमी?"

"हारलो तर."

"सर गेले की टीम गेली. दुसऱ्या सरांना ह्यातलं काईच येत न्हाई. ते आमाला लेझीम देतील हातात आन् मैदानात मुलांचं क्रिकेट लावतील. बाबांनी मला सरांच्या शब्दावर सोडलंय खेळायला. सर नसले तर मला मंचरला तरी कोण जाऊ देईल?"

"मग जिंका. तू टाकत का न्हाईस? नुसती देत सुटलीयास. देऊन देऊन कुनाचं भलं झालंय?"

"ते माझं काम हाय. पन मी दिलेला परत येतच न्हाई आता. आधी यायचा." तिचा आवाज चिरकला. "साखळीत यायचा. तुमचे पेले आले आन् यायचा बंद झाला. आता जिच्या हातात जाईल ती टाकतीच. चार-चार जनी अंगावर असल्या तरी टाकती. सर ओरडून ओरडून थकले."

"म्हंजी माझ्या पेल्यांनी हारताय?"

समृद्धी आत गेली. त्या दिवसापासून तिनं अबोला धरला. ताट वाढून आणायची, पाणी द्यायची, पण तोंडातून शब्द नाही. गेणभाऊंना गावानं नावं ठेवलेली चालायची, भगवंतानं टिंगल केलेली चालायची, पण ही पोर बोलायची थांबली आणि त्यांना घास उतरेना. ही पोर तीन वर्षांची असल्यापासून त्यांच्या मागे शेतात यायची, आणि सगळ्या गावात गेणभाऊंचं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारं माणूस हे एकच होतं.

"शब्द मागं घ्या की," ठमाबाई, म्हणजे त्यांची बायको, भाकरी थापता थापता म्हणाली. "तुमचा शब्द काय, कांद्याचा भाव हाय. रोज बदलतोय."

"ह्या बारीला न्हाई बदलायचा."

"मग पेले तरी बंद करा."

"माइकवर सांगितलंय मी, सगळ्या मंचरासमोर! आता काय सांगू? दिले तेवढे पुरे? तोंड कुठं दाखवू?"

ठमाबाईनं भाकरी उलटली आणि विषय सोडला.

शुक्रवारी संध्याकाळी गेणभाऊ मैदानावर गेले. सरांना दोन गोष्टी समजावून सांगाव्यात, हा मनात हेतू. पोरी घरी गेल्या होत्या. सर एकटेच मैदानावर पाणी मारत होते. उंच, काटक माणूस, बोलणं कमी. गेणभाऊंनी मॅन टू मॅन सांगितलं, जोडी मोडू नका हे सांगितलं, नूतनला जास्त चेंडू द्या हेही सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. नळी एका खड्ड्यावरून दुसऱ्या खड्ड्यावर नेली.

"गेणभाऊ, एक इनंती हाय," शेवटी ते म्हणाले. "पेले उद्यापुरते बंद ठेवा."

"तुमी बी तेच!"

"नूतनचे अकरा झालेत. एक आला की कळशी. तिच्या आईनं कळशी लग्नाच्या रुखवतात धरलीय. दुसऱ्या दोघींच्या घरी तेच. माझं कोण ऐकनार सांगा? मी फार तर शाबासकी देतो."

गेणभाऊंना आला राग. "सर, नाचता येईना म्हनून अंगनाला नावं ठेवू नका," असलं काहीतरी ते बोलणार होते, पण माणूस हातात नळी धरून इतका शांत उभा होता, की त्यांना भांडायला धरायला जागाच सापडेना. "उद्या बघू," म्हणाले आणि चालू पडले.

शनिवारी अर्धं गाव मंचरला. दोन जीपगाड्या, एक टेम्पो, आणि उरलेले मोटारसायकलींवर. समोर ओतूरच्या पोरी. ओतूरच्या पोरी अंगानं किरकोळ, पण एकीचा हात दुसरीला माहीत असल्यासारख्या खेळायच्या. निवेदकाच्या टेबलावर गेणभाऊंचे पेले रचलेले, शेजारी कळशी, उन्हात झगझगत होती. त्या झळाळीनं नुसतं बघणाऱ्याचेसुद्धा डोळे दिपत होते, मग खेळणाऱ्यांचं काय होत असेल?

सामना सुरू झाला आणि पहिल्या पाच मिनिटांतच कट्ट्यावरचं सगळं शहाणपण मैदानाच्या कडेला येऊन बसलं.

"मॅन टू मॅन!" गेणभाऊ ओरडले.

"जोडी मोडू नको!" कुशाबा ओरडला.

"सर, हाफ चड्डी पाठवू का?" भगवंत म्हणाला, पण हळूच, गेणभाऊंच्या कानात.

समृद्धी चेंडू घेऊन पुढे यायची. नूतनला द्यायची. आणि तिथं चेंडू मुक्कामाला राहायचा. नूतनला ओतूरच्या तिघी घेरायच्या, ती तरी टाकायचीच, आणि तिघींच्या हातांतून चेंडू कुठला रिंगेत जातोय? इकडे समृद्धी मोकळी उभी, हात पसरून, "दे, दे" म्हणतेय. पण ऐकणार कोण? कारण रेषेच्या कडेला सोनीबाई, नूतनची आई, पदर खोचून उभी होती.

"टाक गं बाई! तूच टाक! एकच ऱ्हायलाय! कुनाला देऊ नगंस!"

गेणभाऊ तिच्यापासून चार हातांवर होते. त्यांनी ते ऐकलं आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग मध्यंतर झालं, तेव्हा निरगुडसर नऊ गुणांनी मागे. मध्यंतरानंतर जे झालं ते मात्र त्यांना ऐकून न ऐकल्यासारखं करता आलं नाही. ओतूरच्या पोरीचा नेम चुकला, चेंडू रिंगेवर आपटून वर उडाला आणि तो धरायला नूतन आणि निरगुडसरचीच दुसरी एक पोर, दोघी एकदम उडाल्या. दोघींनी चेंडू एकदमच धरला आणि सोडायला एकही तयार नाही! एकाच संघाच्या दोघी, एकमेकींच्या हातातून चेंडू ओढतायत. शेवटी चेंडू निसटला आणि रेषेबाहेर गेला. ओतूरवाले पोट धरून हसले. अहो, पंचसुद्धा हसले.

आणि गेणभाऊंनी पाहिलं, की त्या दोघी चेंडू गेला तिकडे बघतच नव्हत्या. दोघींनी एकदम टेबलावरच्या कळशीकडे बघितलं होतं.

पोर खरं बोलत होती. सर खरं बोलत होता. हा सगळा तमाशा आपण नाव घालून, सप्रेम, भेट दिलाय. आणि आता हरलो की सर जाणार, तेही आपल्याच शब्दानं, आणि समृद्धी पुन्हा आपल्याशी बोलणार नाही.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. सरांना हळूच खूण केली असती, पेले पोत्यात भरून टाकले असते. पण गेणभाऊ गप्प बसून काही दुरुस्त करणाऱ्यांतले नव्हते. ते उठले, तरातरा टेबलाकडे गेले आणि निवेदकाच्या हातातून माइक घेतला. देणगीदार माणूस, निवेदक काय म्हणणार?

"हॅलो, हॅलो! निरगुडसरच्या पोरींनो, ध्यान देऊन ऐका. आतापासून पेला टाकनारीला न्हाई! जी दुसरीला चेंडू देईल, पेला तिला! कळशी बी देनारीला!"

टाळ्या पडल्या. गेणभाऊंना वाटलं, जिंकलं.

पोरी आज्ञाधारक. ऐकलं त्यांनी. समृद्धीनं नूतनला दिला, नूतननं समृद्धीला दिला. समृद्धीनं तिसरीला, तिसरीनं चौथीला, चौथीनं पुन्हा नूतनला. चेंडू असा फिरायला लागला, जसं हळदीकुंकवाला तबक फिरावं. रिंगेखाली मोकळी उभी असलेली पोरसुद्धा घाईघाईनं दुसरीला देऊन मोकळी व्हायची. बास्केटबॉलात चोवीस सेकंदांत चेंडू रिंगेकडे टाकावाच लागतो, नाहीतर तो समोरच्यांचा. पंचांनी शिट्टी वाजवली. पुन्हा तेच. पुन्हा शिट्टी. कडेला सोनीबाईनं आपलं धोरण कधीच बदललं होतं.

"दे गं! देऊन टाक! हातात ठिवू नगंस!"

"गेणभाऊ," भगवंत म्हणाला, "आता काय टाकनारीला ताट आन् देनारीला वाटी, असं करून बघता का?"

सरांनी टाइम आउट घेतला. सर एकदाही त्यांच्याकडे वळले नाहीत, एवढं बरं. पोरींना गोल उभं करून काय सांगितलं देव जाणे, ओरडले मात्र नाहीत. पोरी परत आल्या त्या टेबलाकडे पाठ करून. आणि मग, काय सांगावं राव, पाच-सहा मिनिटं त्या अशा खेळल्या की साखळीतल्या पोरी परत आल्या. समृद्धीनं द्यावा, नूतननं टाकावा. नूतनला घेरलं की तिनं तिसरीला द्यावा, तिनं टाकावा. नऊचे सहा झाले, सहाचे तीन झाले, मग एकच गुण राहिला. कुशाबा बैल हाकल्यासारखा हाकारे घालत होता.

शेवटची काही सेकंदं. समृद्धीनं दोघींच्या मधून चेंडू काढला आणि नूतनला दिला. नूतन रिंगेखाली एकटी. मोकळी. आसपास माशी नाही. डोळे मिटून टाकला असता तरी गेला असता.

"दे गं, दे!" सोनीबाई जिवाच्या आकांतानं ओरडली.

आईचा आवाज तो. नूतन गोंधळली, वळली आणि तिनं चेंडू समृद्धीला दिला. समृद्धी तिच्याकडे बघतच नव्हती, ती चेंडू परत उडाला तर धरायचा म्हणून रिंगेकडे पळत होती. चेंडू तिच्या खांद्याला लागून बाहेर गेला. शिट्टी वाजली. संपलं.

एका गुणानं हरले.

परत येताना जीपमध्ये पोरी रडून दमल्या होत्या. सोनीबाई पदरानं नूतनचं तोंड पुसत होती आणि स्वतःच रडत होती. समृद्धी गेणभाऊंच्या समोरच बसली होती. अवसरीचा फाटा मागे पडला तेव्हा ती बोलली, किती दिवसांनी.

"सोमवारी समिती हाय ना, आजोबा?"

"हाय."

"बरं," म्हणाली आणि बाहेर बघायला लागली. ती ओरडली असती तर गेणभाऊंना बरं वाटलं असतं.

सोमवारी समिती शाळेच्या ऑफिसात बसली. सर आले ते मैदानाच्या खोलीची किल्ली आणि शिट्टी टेबलावर ठेवूनच बसले. कुणी मागितली नव्हती. गावात जे ठरलंय ते आपल्यालाही कळलंय, एवढंच त्यांना सांगायचं असावं. भगवंतानं किल्लीकडे बघितलं, मग गेणभाऊंकडे बघितलं.

"गेणभाऊ, तुमचा ठराव व्हता."

गेणभाऊ उठले. रात्रभर त्यांनी भाषण जुळवलं होतं. त्यात सामन्याच्या पंचांबद्दल एक कलम होतं, मैदानाच्या उताराबद्दल एक होतं. बाहेर व्हरांड्यात पोरींची चुळबुळ ऐकू येत होती. त्यांना कळलं, की दाराच्या फटीशी समृद्धी उभी असणार, आणि भाषणातलं एकही कलम त्यांना आठवेना.

"मॅच सरांनी हारली न्हाई," ते म्हणाले. "मी हारली. पहिल्यांदा पेले लावून हारली, मग पेले फिरवून हारली. सरांनी मला आदल्या दिशी सांगितलं व्हतं, पोरीनं त्याच्या आधी सांगितलं व्हतं. मी ऐकलं न्हाई. मला माइकवर नाव ऐकायचं व्हतं." ते थांबले. "हारलो तर कुनाला तरी काढायचं, हा माझा शब्द हाय. तर मला काढा."

मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघायला लागले.

"काढायचं म्हंजी कशातून काढायचं?" भगवंतानं विचारलं. "तुमी संघात हाय कुठं?"

"मैदानातनं काढा. पुढलं वर्सभर मी रेषेजवळ येनार न्हाई. बक्षीस लावनार न्हाई, माइक धरनार न्हाई, ओरडनार न्हाई."

"ओरडनार बी न्हाई?" भगवंताला पहिल्यांदाच हसू आवरेना झालं. "गेणभाऊ, तब्येतीला बाधेल."

"लिहा ठराव."

"अहो, असं नका करू, भाऊ," सर उठून म्हणाले. "तुमी आलात तर पोरींना बरंच वाटतं."

"सर, तुमी गप बसा," गेणभाऊ म्हणाले. "तुमाला कोच ठेवायचं चाललंय, त्यात बी तुमी मधी बोलता."

ठराव एकमतानं पास झाला. सरांनी शिट्टी उचलली, किल्ली उचलली. बाहेर व्हरांड्यात पळणाऱ्या पावलांचा धडधडाट झाला आणि लांबवर गेला. गेणभाऊ घरी गेले तेव्हा समृद्धी अंगणात चेंडू आपटत होती. ती त्यांच्याकडे बघून हसली नाही, पण त्यांच्या पायात येणारा चेंडू तिनं बाजूला घेतला आणि त्यांना वाट दिली.

पुढच्या वर्षी गावातच सामने झाले. गेणभाऊंनी ठराव पाळला. आता यावर गावाचा विश्वास बसायला वेळ लागला, हे सांगायला नकोच. मैदानाच्या तारेच्या कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला ते उभे राहायचे. मधे गर्दी, त्यामुळे दिसायचं काही नाही, चेंडूचा आवाज ऐकू यायचा, शिट्टी ऐकू यायची, टाळ्या ऐकू यायच्या. कुणाच्या टाळ्या ते अंदाजानं ओळखावं लागायचं. भगवंत मुद्दाम कुंपणालगत बसायचा आणि मागे वळून खोट्या बातम्या द्यायचा.

"बारानं मागं हाय, गेणभाऊ. नूतन रुसून घरी गेली. सर रडतोय."

गेणभाऊ दातओठ खायचे, तार धरायचे, पण तोंड उघडायचे नाहीत. ओठांपर्यंत आलेला सल्ला गिळताना त्यांच्या गळ्याची घाटी हलताना लोकांनी पाहिली आहे.

एके दिवशी नारायणगावच्या पोरींशी सामना होता. मध्यंतराची शिट्टी वाजली. गर्दी जराशी फुटली आणि तिच्यातून समृद्धी धावत कुंपणाशी आली. घामानं चिंब, वेणी सुटलेली, धाप लागलेली.

"आजोबा, दोन गुनांनी मागं हाय. नूतनला तिघी धरत्यात आन् मला एक जन सोडतच न्हाई. काय करू?"

गेणभाऊंनी इकडेतिकडे बघितलं. "सरांनी इचाराया पाठवलंय?"

"न्हाई. मी इचारतीये."

वर्षभर साठवलेलं सगळं त्यांच्या तोंडाशी आलं. मॅन टू मॅन, जोडी, कडी, सगळं. एवढ्या माणसांत या पोरीला आपल्याला विचारावंसं वाटलं, आणि तेही एवढं सगळं होऊन. त्यांचे डोळे भरले आणि त्यांना ते लपवताही आलं नाही.

"तुला काय वाटतंय?" ते म्हणाले.

तिनं जरा विचार केला आणि सांगायला लागली. नूतननं बाहेर यायचं, म्हणजे तिघीही बाहेर येतील. मग मधली जागा मोकळी होईल. मग तिसरीनं कापून आत शिरायचं. हातवारे करून, जमिनीवर बुटाच्या टोकानं रेघा ओढून ती सांगत राहिली. गेणभाऊंना त्यातलं निम्मं कळलं नाही. त्यांनी मध्ये एकदाही तिला थांबवलं नाही.

शिट्टी वाजली. "जाते," म्हणाली आणि गर्दीत शिरली.

भगवंत हे सगळं बघत होता. "काय हो, ठराव मोडला का न्हाई? काय सांगितलं पोरीला?"

"मी काय न्हाई सांगितलं," गेणभाऊ डोळे पुसत म्हणाले. "तिनंच सांगितलं. तू जरा बाजूला सरक, मला दिसू दे."